करिझ्मा २००३: फेअरिंगच्या रंगावर किती पैसे घालायचे?

इंजिन बसलं, वायरिंग झालं, आता गाडी फेअरिंगपाशी, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणापाशी, अडली आहे. पिवळी हिरो होंडा करिझ्मा मोटरसायकल, २००३ सालची, २२३ सीसी. फेअरिंगचा उजवा भाग चिरलाय, आतले बोल्टचे दोन कान तुटलेत आणि रंग पार उडालाय.

रंगवून तयार असलेला सेट बाहेरून मागवायचा विचार बरेच दिवस डोक्यात होता. भाव साडेतेरा हजार, फिनिश सुरेख. पण त्यात टाकी येत नाही, आणि तिथेच माझं मन उठलं. आपली टाकी पत्र्याची, वीस वर्षं ऊन खाल्लेली. तिच्याशेजारी कंपनीच्या कोडचा ताजा पिवळा बसवला तर दोन वेगळ्या गाड्या जोडल्यासारखं दिसणार. त्यात पिवळा रंग खालचं नीट झाकत नाही. पांढऱ्या प्रायमरवर तो लख्ख दिसतो, राखाडीवर मळकट, हिरवट. एकाच डब्यातला रंग दोन गॅरेजमध्ये, दोन प्रायमरवर मारला तरी फरक पडतो. पिवळी, लाल गाडी असलेल्यांनी हे आधी तपासाच.

नाना पेठेत बिनरंगी कॉपी फेअरिंगही हातात घेऊन पाहिली. स्वस्त आहे, पण प्लास्टिक पातळ आणि बोल्टची भोकं ओढूनताणून जुळणारी. मूळ भाग सांधता येत असेल तर तो टाकू नये, हे माझं ठाम मत.

त्यामुळे सांधायला घेतलं. माझ्या फेअरिंगवर आतून ‘एबीएस’ अशी प्लास्टिकच्या प्रकाराची खूण आहे, म्हणून काम सोपं. (‘पीपी’, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर ही युक्ती चालत नाही.) एबीएसचेच तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून घट्ट लगदा केला, चिरेत भरला, मागून स्टीलची बारीक जाळी बसवली. वाळायला भरपूर वेळ द्या. वरून कडक वाटलं तरी आत मऊ असतं. कानही असेच उभे केले, आता बोल्ट आवळताना आवाज करत नाहीत.

रंग घरी मारायचा नाही, हेही ठरलं. साध्या स्प्रे कॅनचं लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) पेट्रोल सांडलं की मऊ पडतं, म्हणजे टाकीच्या झाकणाभोवती पहिल्याच महिन्यात वाट लागणार. हार्डनर घालून मारायचं टू-के लॅकर टिकतं, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ लागतो. फ्लॅटच्या गॅलरीत ते काम नाही.

तर पैसे घालतोय, पण पेंटरच्या कामावर. टाकी, फेअरिंग, साइड पॅनल आणि टेल सगळं एकत्र, पांढऱ्या प्रायमरवर, नऊ हजारांत. स्टिकर लॅकरच्या खाली जाणार. शेडसाठी सीटखाली झाकलेला टाकीचा भाग दाखवला, तिथे मूळ पिवळा अजून शाबूत आहे. पेंटरनं पत्र्याच्या तुकड्यावर मारलेला नमुना उन्हात आणि ट्यूबलाइटखाली दोन्हीकडे धरून पाहिला. उन्हात जुळला, ट्यूबखाली किंचित नारिंगी वाटला, म्हणून पुन्हा मिसळायला सांगितलंय. आरसीवर रंग पिवळाच आहे, त्यामुळे आरटीओत नोंद बदलायचा प्रश्न नाही.

पावसाळी दमट हवेत लॅकर दुधाळ पडायची भीती असते, म्हणून पेंटरची स्प्रे गन दसऱ्यानंतरच चालणार. तोवर टाकीच्या आतला गंज काढायला घेतो.