वहीबाहेर

रविवार, रात्र. श्रावण लागला तरी पावसाने धरून ठेवलंय.

लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती द्यायची भीती वाटते तेव्हा ती एकच वाटते. सोडवून पाहिली की तिचे निरनिराळे धागे निघतात, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

गोव्यात मराठी लिहिणाऱ्याच्या बाबतीत सगळ्यात चिवट धागा भाषेचा. घरात, बाजारात कोकणी. मराठी आली ती शाळेतून, वर्तमानपत्रातून, कीर्तनातून, जत्रेच्या नाटकातून. त्यामुळे वाक्य कागदावर उतरलं न उतरलं तोच शंका येते, पुण्याचा वाचक नाक मुरडणार नाही ना? मग लेखक आपलेच शब्द खोडत सुटतो. 'बलकांव'चा ओटा होतो, 'पोदेर'चा पाववाला, आणि कथा कुठल्याच गावाची राहत नाही. याचं फार वाईट वाटतं. बोरीच्या बा. भ. बोरकरांनी (१९१०–१९८४) दोन्ही भाषांत कविता लिहिली, लक्ष्मणराव सरदेसायांनी तर मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज अशा तिन्हींत लेखन केलं. एका हाताने दोन भाषा लिहिणं या मातीला नवं नाही.

निवेदन मराठीत ठेवावं, संवाद माणूस बोलेल तसे कोकणीत. स्थानिक शब्दाचा अर्थ कंसात देऊ नये, तळटीपही नको. 'मानस' हा शब्द घ्या. 'ओहोटी लागली तसं खाजनाच्या बांधातल्या मानशीचं दार आपसूक उघडलं आणि आतलं पाणी नदीकडे धावलं', एवढं लिहिलं की नागपूरच्या वाचकालाही ते दार दिसतं. पानाला असे तीन-चार शब्द पेलतात; दहा झाले की वाचणारा अडखळतो. ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती मात्र शेवटच्या खर्ड्यापर्यंत लांब ठेवावी. पहिल्या खर्ड्यातच वेलांट्या तपासत बसलं की वाक्य अर्ध्यावर सुकतं.

दुसरा धागा माणसं ओळखू येण्याचा. गावं लहान. आडनाव, वाडा आणि घराणं कुठल्या देवळाचं महाजन, म्हणजे मानकरी, एवढं कळलं की माणूस सापडलाच. म्हणून नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा, घरातली माणसं आणि तालुका, निदान या तीन गोष्टी तरी बदलाव्यात. तालुका बदलला की बोलीही बदलायची. पेडण्याचा माणूस काणकोणात नेला आणि तो पेडण्याचीच कोकणी बोलत राहिला, तर इथला वाचक पहिल्या संवादातच पकडेल. एवढं करूनही कुणाचं दुःख ओळखू येत असेल, तर छापायला देण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवावं. त्याने 'नको' म्हटलं तर ते पान वहीतच राहू द्यावं.

हशाची भीती त्यामानाने लवकर जाते, फक्त पहिला श्रोता नीट निवडायला हवा. एकच माणूस, आणि शक्यतो घरातला नको. घरचे एकतर कौतुक करतात नाहीतर काळजी. त्याआधी दार लावून मोठ्याने वाचावं. मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे चार पानांची कथा दहा मिनिटांच्या आसपास. श्वास जिथे तुटतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. ते वाक्य बहुधा दोन वाक्यांचं असतं. श्रोत्याला 'कसं वाटलं?' विचारलं की 'बरें आसा' एवढंच मिळतं. त्यापेक्षा विचारावं, कुठे कंटाळा आला, आणि काय कळलं नाही? तो बोलत असताना समजावून सांगायचं नाही, टिपून घ्यायचं. हे जड जातं, पण लेखन सुधारतं ते इथेच. कविसंमेलनात वाचायचं असेल तर दोन कविता पुरेत, आणि त्या मोठ्या टाइपात छापून न्याव्यात. मंडपातल्या उजेडात वहीतलं अक्षर दिसत नाही आणि घाबरलेला आवाज तिथेच अडकतो.

पाठवण्याचं तंत्र सोपं, पण एक गोष्ट अनेकदा बिघडते. बऱ्याच ठिकाणी पानं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत लागतात. युनिकोड मजकूर तिकडे वळवताना 'दुसऱ्या', 'बऱ्याच'मधला र तुटू शकतो, 'ॲ' गळू शकतो, आणि छापून आलेल्या चुका लेखकाच्या माथी बसतात. म्हणून वर्ड फाइलसोबत पीडीएफही द्यावी, मुद्रितशोधकाला मूळ पाहता येतं. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. पाठवल्याची तारीख वहीत लिहावी, तीन महिने उत्तर आलं नाही तर एकदा विचारावं, मग दुसरीकडे द्यावी.

बहुतेक दिवाळी अंक साहित्य पावसाळ्यातच घेतात. गणेशचवथीच्या गडबडीत सगळा पंधरवडा जातो, तेव्हा गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान बाजारात दिसायच्या आत पाकीट किंवा मेल गेलेलं बरं.