तुम्ही विचारलंत म्हणून : मर्मस्थानांची विद्या ओकिनावात आली कुठून?

मी कराटे शिकवतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : मर्मस्थानांवर प्रहार करण्याची विद्या कराटेची जन्मभूमी असलेल्या ओकिनावा या जपानी बेटाने चीनकडून घेतली का, आणि अशा प्रहाराने माणूस खरोखरच काही दिवसांनी मरतो का? प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर ठाम 'हो' असते आणि दुसऱ्याला तितकेच ठाम 'नाही'.

ओकिनावातील ऱ्युक्यू राज्य 1372 पासून चीनच्या मिंग दरबाराला नजराणे पाठवत असे. त्या व्यवहारासाठी आलेली चिनी कुटुंबे ओकिनावातल्या नाहा शहराच्या कुमे वस्तीत स्थायिक झाली आणि चीनच्या फूचौ शहरात ऱ्युक्यूच्या लोकांसाठी स्वतंत्र निवास उभा राहिला. 1879 मध्ये जपानने हे राज्य खालसा केले, तरी ही वाट बुजली नाही. ओकिनावाचे उएची कानबुन, ज्यांच्या नावाने पुढे उएची-ऱ्यू ही कराटेशैली ओळखली गेली, 1897 मध्ये फूचौला गेले आणि 1910 मध्ये तिथली विद्या घेऊन परतले. (आपल्याकडे या जागी भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या प्राचीन बौद्ध भिक्षूचे नाव हमखास घेतले जाते, पण त्याच्या नावावर खपणारा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला आहे.)

मर्मस्थानांचा खरा दुवा म्हणजे 'बुबिशी' हे हातोहात नकलून जपलेले हस्तलिखित. ओकिनावाचे कराटेगुरू मियागी चोजून यांनी आपल्या शैलीचे 'गोजू' (गोजू-ऱ्यू) हे नाव त्यातल्याच एका ओळीवरून घेतले. फूचौ ज्या प्रांतात आहे त्या फूजिआनच्या श्वेत बगळा या युद्धशैलीच्या माहितीबरोबर त्यात जखमांवरची औषधे आहेत आणि दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग पाडून कोणत्या वेळी कोणते स्थान घातक, हेही सांगितले आहे. ही वेळापत्रके चिनी वैद्यकातील रक्ताभिसरणाच्या जुन्या कल्पनेवर बेतलेली आहेत. त्यांना शरीरशास्त्राचा आधार नाही. जबड्याखाली मानेच्या बाजूला बसलेल्या फटक्याने रक्तदाब एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, मात्र त्यासाठी घड्याळ पाहावे लागत नाही.

माझ्या मते फूचौहून आलेली अधिक मोलाची गोष्ट म्हणजे सांचिन हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम. उएची-ऱ्यूत तो उघड्या हातांनी करतात, गोजू-ऱ्यूत मुठी वळून. दोन्हीकडे गुरू शिष्याच्या खांद्यांवर, पाठीवर आणि मांड्यांवर थापा मारून त्याची ठेवण तपासतात. हलत्या, प्रतिकार करणाऱ्या माणसाच्या दोन बोटे रुंद जागेवर नेमका प्रहार बसायचा, तर आधी ही ठेवण लागते. शिबिरांत एका बोटाने पाडून दाखवला जाणारा विद्यार्थी मात्र बहुधा हात खाली सोडून, पडायच्या तयारीनेच उभा असतो.