इंदूर-मेलबर्न : ११ तासांचं अंतर, २९ तासांचा प्रवास

निघायच्या आधी यांनी शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणला आणि इंदूरपासून मेलबर्नपर्यंत दोरा ताणून धरला. दोरा आंध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरला. सरळ अंतर साधारण ९,८५० किलोमीटर. विमान ताशी ९०० नं जातं, म्हणजे अकरा तास, असा हिशेब करून हे मोकळे झाले!

आम्हाला घरापासून लेकीच्या दारापर्यंत २९ तास लागले.

दिल्लीहून मेलबर्नला थेट विमान आहे, बारा-साडेबारा तासांचं. पण दक्षिणेला जायचं तर आधी ६६० किलोमीटर उत्तरेला कशाला, म्हणून यांनी मुंबई-सिंगापूर धरलं. सिंगापूर तसं वाटेवरच पडतं. मुंबईहून थेट गेलो असतो त्यापेक्षा शे-दीडशे किलोमीटरच जास्त. जातो तो वेळ. इंदूर-मुंबई सव्वा तास, पुढे साडेपाच, मग साडेसात. हवेत सव्वाचौदा तास आणि जवळजवळ तेवढेच रांगांत, खुर्च्यांवर, टॅक्सीत. माझ्या गुडघ्यांना मात्र सिंगापूरचा थांबा मानवला.

खरी चूक तिकिटांची. स्वस्त पडतं म्हणून इंदूर-मुंबईचं वेगळं काढलं. देशातल्या विमानात १५ किलो, पुढच्यात ३०. आमच्या बॅगा चोवीस-चोवीस किलोच्या! इंदूरच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे मोजले तेव्हा वाचवलेलं सगळं गेलं, वर थोडं पदरचंही. शिवाय मुंबईत टर्मिनल एकला उतरलो. तिथून बॅगा घेऊन टॅक्सीनं सहारच्या टर्मिनल दोनला जायचं आणि पुन्हा चेक-इन. विमानाला उशीर झाला असता तर पुढचं तिकीट बुडालंच होतं. तेव्हा इंदूरपासून मेलबर्नपर्यंत एकच तिकीट काढा, बॅग थेट शेवटपर्यंत जाते का ते काउंटरवर विचारा आणि टॅगवर मेलबर्नच लिहिलंय ना ते बघून घ्या.

घड्याळाचं सांगते. मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास. ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच. मी बीपीच्या गोळीसाठी मनगटावर इंदूरचीच वेळ ठेवली होती. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जून ते ऑगस्ट तिकडे थंडी असते, स्वेटरही वरच ठेवा.

उतरण्याआधी एक कार्ड भरायचं असतं. खाण्याचं काहीही असलं तरी 'हो'वर खूण करा, लपवलं तर दंड. दुधाची, माव्याची मिठाई नेऊच नका. आमच्याकडे लवंगेची शेव होती, दुकानातली बंद पाकिटं. तिथल्या बाईंनी एक पाकीट उलटसुलट करून पाहिलं, काय आहे विचारलं. यांना इंग्रजीत शेव समजावता येईना. शेवटी बोटांनी सोऱ्या फिरवून दाखवला. बाई हसल्या आणि पाकीट परत दिलं.