तुम्ही विचारलंत म्हणून: नवे ब्रेक, तरी आवाज का?

"ताई, ब्रेकवर एवढा खर्च केलात, मग गाडी अजून किंचाळते कशी?" हे मला कॉलनीतल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारून झालंय. दिरांनी विचारलं, पेट्रोल पंपावरच्या पोरानं विचारलं, माहेरी चिपळूणला गेले की शेजारचे काका फाटकातूनच विचारतात. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात उत्तर तयार असतं: बाईमाणूस बघून गॅरेजवाल्यानं फसवलं. उरलेल्यांना वाटतं, चांगल्या चाललेल्या गाडीला हात लावायचं कारणच काय होतं. मला यातलं काहीच पटत नाही. पण उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

आधी कारणाचं बोलू. कराडहून माहेरी जायचं म्हणजे कुंभार्ली घाट. एका पावसाळ्यात गाडीत पाच माणसं, डिकीत ज्वारी आणि गुळाच्या ढेपा, धुकं, आणि पुढं रांगत उतरणारा ट्रक. गाडी गिअरवरच उतरवत होते, तरी ट्रकमागं पाय सारखा ब्रेकवर जात होता. घाटाच्या पायथ्याचं पोफळी गाव जवळ आलं तेव्हा पेडल नेहमीसारखंच घट्ट लागत होतं, पण गाडी वेग सोडायला तयार नव्हती. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर पेडल भसकन खाली गेलं असतं. पेडल घट्ट आणि ब्रेक कमी, याचा अर्थ ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला (डिस्कला) दाबून धरणाऱ्या वड्या, तापून त्यांची पकड गेली होती. चाकांतून जळका वास येत होता आणि मागं आई बसली होती. हे ज्यानं एकदा अनुभवलंय, त्याला "गरज काय होती" हा प्रश्न पडत नाही.

म्हणून पुढच्या चाकांना सेमी-मेटॅलिक पॅड आणि खाचा पाडलेल्या डिस्क बसवल्या. या पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळं ते उष्णता जास्त सोसतात. पण ते कडकही असतात, आणि थंड असताना जास्त आवाज करतात. हे मला दुकानातच सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, मान्य करून पैसे दिले होते. पण "थोडा आवाज" म्हणजे काय, हे बसवल्यावरच कळलं. गाडी वेग सोडून थांबायला आली की डाव्या पुढच्या चाकातून असा किंकाळा यायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

आता ज्या दिवसाबद्दल मी आजवर अर्धवटच सांगत आलेय, तो सांगते.

आवाज घेऊन मी त्याच गॅरेजमध्ये परत गेले. म्हटलं, का येतोय ते बघा. मालक फोनवर होते. त्यांनी एका पोराला खूण केली. तो डाव्या चाकाशी बसला, चाक काढलं नाही, जॅक लावला नाही. दोन मिनिटांत उठला आणि म्हणाला, "घ्या ताई, चालवून बघा." गॅरेजच्या आवारात चक्कर मारली. आवाज खरंच गेला होता. मी त्याचे आभार मानले.

मुलीला शाळेतून घेतलं आणि कोल्हापूर नाक्याकडं निघाले. पुढं एसटी थांबली. अंतर भरपूर होतं, नेहमीसारखा ब्रेक दाबला. गाडीचं तोंड एकदम उजवीकडं, डिव्हायडरकडं ओढलं गेलं आणि स्टिअरिंगला हिसका बसला. मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, पेडल होतं तेवढं दाबलं, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. एसटीच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. डाव्या चाकातून निळसर धूर येत होता, जळक्या तेलाचा. मुलगी रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

तशीच पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर भिस्त ठेवून गाडी गॅरेजला आणली. पोरगा खोटं बोलला नाही. चाकाच्या फटींतून त्यानं डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे मारला होता. डाव्या डिस्कवर तेल, उजवी कोरडी. उजवं चाक धरतंय, डावं घसरतंय, म्हणून गाडी उजवीकडं ओढली गेली. मालकांना हे सगळं सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्हालाच आवाज नको होता ना?"

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. मी आवाजाचं कारण विचारलं होतं, आवाज बंद करा म्हटलं नव्हतं, असं मी स्वतःला कितीतरी वेळा बजावलंय. पण आवाज थांबल्यावर मला हायसं वाटलं होतं, हेही खरंच. त्या दिवशीची ती गप्प गाडी या गाडीच्या सगळ्या किंकाळ्यांपेक्षा धोक्याची होती. म्हणून सांगते: ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर तेल, ग्रीस, कुठलाही तेलकट स्प्रे कुणालाही मारू देऊ नका. गॅरेजवाला कितीही ओळखीचा असला तरी नाही. पॅड सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं आणि पुसून निघत नाही. तो पॅड टाकूनच द्यावा लागतो.

नंतर एका वयस्कर मिस्त्रींकडं गेले. त्यांनी आधी चाक काढलं आणि मला शेजारी बसवून दाखवलं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली खालची पिन पकडीनं पिळून काढावी लागली. तिच्यावर तांबूस गंज, रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसचा टिपूस नाही. कॅलिपर मागं सरकत नव्हता, म्हणून आतला पॅड कायम डिस्कला चिकटून एका बाजूनं तिरका झिजला होता. पॅडची पाठ उघडी, चकचकीत. तिच्यावर बोट फिरवत ते म्हणाले, "शिम कुठंयत?" जुने सुटे भाग मी नेहमी मागून घेते, वडिलांची सवय. डिकीतल्या खोक्यात जुन्या शिम निघाल्या, पण नव्या पॅडला त्या बसत नव्हत्या. नव्या पॅडसोबत आलेल्या शिम गॅरेजमध्ये बसवल्याच नव्हत्या.

इथं आवाजाचं मूळ सांगायला हवं. पॅड डिस्कवरून एकसारखा घसरत नाही. धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, असं सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या थरथरीनं डिस्क आणि कॅलिपर वाजायला लागतात. शिम म्हणजे पॅडच्या पाठीवरची पातळ पत्रा-रबराची पट्टी. टाळ वाजवून लगेच बोट टेकवलं की नाद मरतो, तेच काम ती करते. गाडीच्या कंपनीनं पॅड, शिम, क्लिपा, डिस्क एकमेकांशी जुळवून दिलेल्या असतात. आपण त्यातलं एक काढून दुसरं बसवलं की तो मेळ आपल्यालाच पुन्हा जमवावा लागतो. गॅरेजमध्ये माल चांगला बसवला, मेळ कुणी जमवला नाही.

मिस्त्रींनी पिना घासून सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथं चालत नाही, रबर फुगतं. बूट नवे, क्लिपा नव्या, पॅड नवे आणि शिमसकट, पॅडच्या कडा कानशीनं थोड्या उतरवलेल्या. डिस्क काढून ती ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं साफ केला, कारण मागं गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क वाकडी फिरते. मग ब्रेक क्लीनरनं डिस्क धुतली. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो पहिल्यांदा बसवतानाही धुतला होता की नाही, देव जाणे. चाकाचे नट एअर गननं न आवळता पान्यानं, समोरासमोरचे धरून आवळले.

शेवटी पॅड रुळवायचे होते. पहाटे पाटणच्या रस्त्यावर, मागंपुढं कुणी नसताना, ताशी साठवरून दहापर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. नंतर ब्रेक न लावता तसंच पुढं जाऊन डिस्क थंड होऊ द्यायची. त्यानं पॅडच्या मालाचा सारखा थर डिस्कवर बसतो. पहिल्या गॅरेजनं याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

तो किंकाळा त्यानंतर गेला. मग तुम्हाला अजून ऐकू येतं ते काय? सकाळी गाडी रिव्हर्स काढताना बारीक चिरचिर होते, पॅड थंड असतात म्हणून. चिपळूणला पावसात रात्रभर अंगणात उभी राहिली की बिडाच्या डिस्कवर गंजाचा हात फिरतो, तो पहिल्या काही ब्रेकांत खरवडून निघतो. घाटात उतरताना घरघर येते, ती खाचांची. हे तिन्ही आवाज मी ओळखते आणि त्यांच्यावर पुन्हा पैसे घालणार नाही.

पण तुमच्या गाडीचा आवाज निर्धोक आहे, असं मी सांगू शकत नाही. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर गाडी तिथंच थांबवा. चाक काढून बघितल्याशिवाय कुणाच्याच म्हणण्यावर जाऊ नका, माझ्याही.

आणि गरजेचा मुद्दा? तो आमच्या घरात अजून मिटलेला नाही. नवरा म्हणतो, कंपनीचेच पॅड ठेवायचे, ब्रेक ऑइल वेळेवर बदलायचं आणि घाट दुसऱ्या गिअरवर उतरायचा. ऑइलचं त्याचं बरोबर आहे: डॉट ४ या प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, हवेतलं पाणी शोषलं की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. पण त्या दिवशी उकळलं नव्हतं ऑइल, तापले होते पॅड, हे त्याला मी परत परत सांगते. तो म्हणतो, ट्रकला पुढं जाऊ देऊन पाच मिनिटं थांबली असतीस तर पॅडही तापले नसते. धुक्यात, त्या अरुंद वळणांवर कुठं थांबायचं, हे तो सांगत नाही. सिरॅमिक पॅड शांत असतात, पुढच्या वेळी ते घे, असंही सुचवून झालंय. भरल्या गाडीनं घाट उतरायला ते पुरतील का, यावर माझं मन बसत नाही. सध्याचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. ते संपेपर्यंत ठरवायचं आहे.