स्पेक्ट्रमचे रंग: आधी रेंज, मग पॅलेट

स्पेक्ट्रम म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस ज्यांनी वापरलाय, त्यांना एम्युलेटरवरचे (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवरचे) रंग एकतर भडक वाटतात, नाहीतर मळके. लगेच पॅलेटच्या, म्हणजे रंगांच्या आकड्यांच्या, फाइलला हात घालू नका. आधी एचडीएमआयची रेंज, म्हणजे टीव्हीच्या केबलमधून काळा ते पांढरा कोणत्या आकड्यांत जातो ते बघा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

स्पेक्ट्रमचे रंग पंधरा. आठ साधे आणि सात ब्राइट, कारण काळा ब्राइट केला तरी काळाच. मूळ मशीनमध्ये आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) आकडे नव्हतेच. यूएलए ही चित्र तयार करणारी चिप उजळपणाचा एक आणि रंगफरकाचे दोन सिग्नल काढायची, एलएम१८८९ ही दुसरी चिप त्यांचा पॅल (तेव्हाच्या रंगीत टीव्हीचा) सिग्नल करायची. इश्यू २ या सुरुवातीच्या आवृत्तीच्या बोर्डावर तर रंग जुळवायला व्हीआर१, व्हीआर२ हे ट्रिमर (फिरवून जुळवायचे छोटे रेझिस्टर) होते. म्हणजे शेजारी ठेवलेली दोन मशीनंसुद्धा तंतोतंत सारखी दिसायची नाहीत. तेव्हा ‘एकमेव खरं पॅलेट’ शोधण्यात वेळ घालवू नये.

माझ्या मते जपायचं ते साध्या आणि ब्राइट रंगांतलं अंतर. ० ते २५५ च्या मापात ब्राइटला २५५, साध्याला २१५ ठेवा. काही पॅलेटमध्ये १९२ असतो. दिसायला फरक थोडा, पण गॅमा (आकड्यावरून पडद्याचा उजेड ठरवणारा घातांक) २.२ धरला तर २१५ ला पूर्ण उजेडाच्या सुमारे ६९ टक्के उजेड पडतो आणि १९२ ला ५४. मळकेपणा येतो तो इथून. स्पेक्ट्रम नेक्स्ट या नव्या मशीनमध्ये लाल, हिरवा, निळा प्रत्येकाला तीनच बिट, म्हणजे ० ते ७ पायऱ्या असतात, त्यामुळे २१५ नेमका मिळत नाही. पायरी ६ म्हणजे २१९, ती चालते. ५ म्हणजे १८२, ती फार अंधारी.

आता रेंज. एम्युलेटर चालवणारा बोर्ड ०–२५५ पाठवतोय आणि टीव्ही १६–२३५ धरून बसलाय, तर २१५ चा २३२ होतो आणि ब्राइटशी असलेलं ४० चं अंतर २३ वर येतं. उलट झालं तर काळा करडा दिसतो. जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआय पिक्सेल एन्कोडिंग २ केलं की पूर्ण रेंज जाते. टीव्हीच्या मेनूतही तीच निवडा, ‘ऑटो’वर विसंबू नका.

चाचणी स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेतच होते. ब्राइट ० आणि १ चा एक लूप, आत पेपर (पार्श्वभूमीचा रंग) ० ते ७ चा दुसरा, दर वेळी चार स्पेस छापा. आठ चोक बत्तीस, एका रंगसंचाला बरोबर एक ओळ. मग टीव्हीचं कलर शून्यावर आणा. डावीकडून उजवीकडे पट्टे उजळत गेले पाहिजेत. लाल हिरव्यापेक्षा उजळ दिसला, तर घरी जुळवलेल्या एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) बोर्डावर रंगाचे बिट उलटे लागलेत: सर्वात खालच्या बिटापासून क्रम निळा, लाल, हिरवा असा असतो.

स्कॅनलाइन (जुन्या टीव्हीसारख्या आडव्या काळ्या रेघा) लावल्या की चित्र अंधारतं, तेव्हा आकडे न वाढवता स्कॅनलाइनची तीव्रता २५ टक्क्यांच्या आसपास आणा. आणि जुन्या टीव्हीसारखा अक्षराबाहेर सांडणारा लाल हवा असेल, तर तो पॅलेटमधून येणारच नाही. पिक्सेल ७ मेगाहर्ट्झने धावतात, पॅलमध्ये रंगाला जेमतेम १.३ मेगाहर्ट्झ मिळतात. त्यासाठी एम्युलेटरमध्ये कॉम्पोझिट फिल्टरच, म्हणजे जुन्या टीव्ही सिग्नलची नक्कल करणारा फिल्टर, लावावा लागतो.