साडेसात घोडे

आमच्या भागात घोडा दिसतो तो लग्नात, नाही तर जत्रेत. शेतात कधीच नाही. तरी चार शेतकरी पारावर टेकले की घोड्यांचा हिशेब सुरू.

"विहिरीवर कितीची हाय, आण्णा?"

"तिनाची होती, पाचाची केली."

तीन काय अन् पाच काय, कुणी विचारत नाही. एचपी, म्हणजे पंपाच्या मोटरची ताकद. त्यातला 'एच' म्हणजे हॉर्स.

हा घोडा इंग्लंडातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅट वाफेची इंजिनं खपवत होता. बिअर गाळणाऱ्यांची, गिरणीवाल्यांची जाती तेव्हा घोडे फिरवत. त्यांचा प्रश्न रोखठोक: तुझं यंत्र किती घोड्यांचं काम करील? वॅटनं आकडा ठरवला, मिनिटाला 33,000 फूट-पौंड. म्हणजे साधारण 76 किलो वजन दर सेकंदाला एक मीटर वर. साध्या घोड्याला दिवसभर हे झेपत नाही. वॅटनं माप सढळ हातानं घातलं. पुढं त्याच्याच नावाचं एकक आलं, पण आपल्याला ते नको. मोटरच्या पाटीवर 3.7 किलोवॅट छापलेलं असतं, दुकानात मात्र 'पाचाची द्या'.

खरं तर आमच्या विहिरींना घोडा ठाऊकच नव्हता. मोट ओढायचे बैल. ते धावेवरून, म्हणजे विहिरीपासच्या उतारावरून, खाली उतरत, नाडा म्हणजे दोर ताणला जाई, पाण्यानं भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात, काठावरच्या कुंडात, भडभडा रिकामी होई. मग बैल तोंड न फिरवता मागं मागं धाव चढत. ही उलटी चाल त्यांना शिकवावी लागे. मोटर आली, काम गेलं बैलाचं, नाव लागलं घोड्याचं.

आता पाणी खाली गेलं की घोडे वाढवायचे. साडेसातची घेताना कुणीतरी साडेसातीचा विनोद करतोच. पण 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीज मोफत झाली आणि हा आकडा एकदम शुभ ठरला. दहाची बसवलेला शेजारी या विनोदाला हसत नाही.

रात्रीच्या लाइटीला व्होल्टेज पडलं की साडेसातातले निम्मे घोडे तबेल्यातच बसून राहतात. मोटर नुसती घुमते. त्यात स्टार्टर वेळेवर ट्रिप झाला नाही, तर सकाळी जळालेली मोटर वर काढून तालुक्याला वाइंडिंग भरायला न्यायची.