बोर्ड कुठलं घेऊ, मॅडम?

दहावीचा निकाल लागला की ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला लोक एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, नीट-जेईई करायचंय. स्टेट बोर्डातच ठेवू, की सीबीएसईला घालू?" नीट ही मेडिकलची आणि जेईई ही इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. हल्ली तर पाचवीतल्या पोरांचे आईवडीलही विचारायला लागलेत. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

उत्तर आधीच सांगते. बोर्डाच्या नावावरून फार थोडं ठरतं. कुठला धडा कुठल्या वर्षी येतो आणि त्यावर प्रश्न कसा पडतो, यावरून पुष्कळ ठरतं. आणि हे पाहायला कुणा समुपदेशकाची फी भरावी लागत नाही. बालभारतीचं, म्हणजे स्टेट बोर्डाचं, आणि एनसीईआरटीचं, म्हणजे सीबीएसईत चालतं ते पुस्तक घ्या, दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवा, हातात पेन्सिल धरा. तासाभराचं काम आहे.

फिजिक्सचंच बघा. घूर्णन (म्हणजे फिरण्याची) गती, द्रवांचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, थर्मोडायनॅमिक्स, दोलनं, तरंग हे सगळे धडे एनसीईआरटीत अकरावीला आहेत. बालभारतीत ते बारावीला आहेत, आणि तेही सुरुवातीलाच. उलट आरसे-भिंगांचं प्रकाशशास्त्र आपल्याकडे अकरावीत उरकतं, तिकडे ते बारावीत येतं. सेमीकंडक्टरची तोंडओळख आपण अकरावीतच करून देतो. बायोलॉजीत तर आणखी गंमत आहे. हृदय, रक्ताभिसरण, श्वसन, मेंदू-मज्जासंस्था हे सीबीएसईच्या मुलानं अकरावीत वाचलेलं असतं. आपल्या मुलाला ते बारावीच्या मधल्या धड्यांत भेटतं.

याचा त्रास नेमका कुठे होतो, ते पालकांच्या लक्षात येत नाही. नीट-जेईईचे बहुतेक क्लास एनसीईआरटीच्या क्रमानं चालतात. अकरावीच्या दिवाळीनंतर क्लासच्या टेस्टमध्ये घूर्णन गती येते. कॉलेजात मी तेव्हा प्रकाशशास्त्र शिकवत असते. पोरगं सकाळी भिंगं शिकतं, संध्याकाळी घूर्णनातलं जडत्व आघूर्ण शिकतं आणि रविवारी दोन्हींपैकी कशाच्याच टेस्टला धड तयार नसतं. मार्क घसरले की घरी निदान होतं: "स्टेट बोर्डाचा बेस कच्चा आहे." बेस कच्चा नसतो हो. वेळापत्रकं एकमेकांवर आदळलेली असतात. कॉलेजात कुठला धडा कधी येणार आणि क्लासला कधी, हे जूनमध्येच एका कागदावर मांडून घेतलं तर यातला निम्मा गोंधळ संपतो.

आता हेच उलट्या बाजूनं. सीबीएसईचा मुलगा एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला बसतो तेव्हा त्याची पंचाईत होते. सीईटीत साधारण ८० टक्के भार बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या निवडक धड्यांवर असतो. पण ही बारावी म्हणजे आपल्या बोर्डाची बारावी. घूर्णन, द्रव, दोलनं हे त्याच्या लेखी "झालेले", वर्षापूर्वी बंद करून ठेवलेले धडे. सीईटीच्या लेखी ते ऐन बारावीचे. गणितात 'रेषांची जोडी' हा अख्खा धडा त्यानं पाहिलेलाच नसतो. 'तार्किक विधानं' हा आपल्या बारावी गणिताचा पहिला धडा, तोही त्याला परका. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे २०० पैकी १०० गुण गणिताचे. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय ही इंजिनीअरिंग कॉलेजं डोक्यात असतील तर हे दोन धडे सोडून चालत नाही.

मग सीबीएसई म्हणजेच जेईई, हे लोकांच्या मनात इतकं घट्ट कसं बसलं? एनसीईआरटीची पुस्तकं आणि राष्ट्रीय परीक्षांचा अभ्यासक्रम यांचं नातं आहेच, ते नाकारत नाही. पण ते नातंसुद्धा सरळ नाही. करोनानंतर एनसीईआरटीनं पुस्तकं हलकी केली, तेव्हा अकरावीच्या फिजिक्समधून घूर्णनाची समांतर अक्ष आणि लंब अक्ष ही दोन्ही प्रमेयं काढून टाकली. जेईईच्या पहिल्या पायरीच्या, म्हणजे जेईई मेनच्या, अभ्यासक्रमात ती आजही आहेत. आणि बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात ती पहिल्याच धड्यात, सिद्धतेसकट, आकृतीसकट आहेत. ज्या बोर्डाला तुम्ही सोपं म्हणता, त्याच बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात केप्लरचे नियम आणि मुक्तिवेग आहे, हेही जाता जाता सांगते.

प्रश्नाच्या पद्धतीकडे येऊ. एक भरीव गोळा उतारावरून घरंगळत खाली येतो, एवढीच गोष्ट घेऊ.

आमच्या बोर्डाच्या पेपरात प्रश्न येतो: घरंगळणाऱ्या वस्तूच्या वेगाचं सूत्र मिळवा. मुलगी आकृती काढते, स्थितिज ऊर्जा बरोबर रेषीय (पुढे सरकण्याची) अधिक घूर्णन ऊर्जा असं मांडते, पायऱ्या लिहिते, शेवटी चौकट करते. पूर्ण मार्क. यात पाठांतर आहे, पण नुसतंच पाठांतर नाही. पायरी चुकली की सूत्र येत नाही.

सीईटीत विचारतील: तेवढ्याच उंचीवरून भरीव गोळा आणि चकती सोडली, तर तळाशी वेगांचं गुणोत्तर काय? इथे डिरिव्हेशन लिहीत बसलात तर मेलात. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं असतात. जडत्व आघूर्णाच्या सूत्रात गोळ्याला दोन पंचमांश, चकतीला एक द्वितीयांश हे ओठांवर हवं. उत्तर १५/१४ चं वर्गमूळ. पुढे चला. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, म्हणून रिकामं सोडायचं नाही.

जेईईची आयआयटीसाठीची दुसरी पायरी म्हणजे ॲडव्हान्स्ड, तिच्या वळणाचा प्रश्न मात्र असा असतो: गोळा उंची एच वरून खरबरीत उतारावरून घरंगळत आला आणि समोरच्या पूर्ण गुळगुळीत चढावर चढू लागला. तो किती उंच जाईल? सूत्र पाठ असलेली मुलं पटकन "एच" लिहितात. ऊर्जा अक्षय्य, झालं. पण गुळगुळीत चढावर गोळ्याचं फिरणं थांबवणारं घर्षणच नाही. तो स्वतःभोवती तसाच गरगरत राहतो. चढायला फक्त रेषीय ऊर्जा मिळते, म्हणून तो पाच-सप्तमांश एच एवढाच चढतो. मी हा प्रश्न वर्गात घालते तेव्हा दोन-तीन पोरं वहीवर न लिहिता हातानं हवेत गोळा फिरवून बघतात. ती पोरं कुठल्या बोर्डाची आहेत, हे मी कधी विचारलेलं नाही. अशा प्रश्नाची तयारी कुठलंच बोर्ड करून घेत नाही. ती वेगळी करावी लागते आणि ती बारावीच्या जानेवारीत सुरू करता येत नाही.

नीटचं प्रकरण निराळं आहे. तिथे बोर्ड कुठलंही असो, बायोलॉजीला एनसीईआरटी ओळ न् ओळ वाचावीच लागते. १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे, ७२० पैकी ३६० गुण. बालभारतीचं बायोलॉजी वाईट नाही, पण उत्तरावर वाद झाला की बोट एनसीईआरटीच्या वाक्यावर ठेवलं जातं. २०२४ साली फिजिक्सच्या पेपरात अणूंवरचा एक प्रश्न होता. जुन्या आवृत्तीत प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं होतं, नव्या आवृत्तीत "बहुतेक" मूलद्रव्यांचे. दोन पर्यायांना मार्क दिले गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि निकाल नव्यानं लावावा लागला. म्हणून ताईचं जुनं पुस्तक धाकट्याच्या हातात देऊ नका. चालू वर्षाचं आणा, फार महाग नसतं.

आमच्या पिढीच्या शिक्षकांनी या परीक्षांची इतकी उलथापालथ पाहिली आहे की कुणी "आता हेच कायम" म्हणालं तर हसू येतं. २०१३ ला नीट आली, त्याच वर्षी कोर्टात रद्द झाली. २०१४ आणि २०१५ ला राज्यातलं इंजिनीअरिंग जेईई मेन आणि बारावीच्या मार्कांच्या निम्म्या-निम्म्या भारावर गेलं, २०१६ ला पुन्हा सीईटीवर आलं. त्याच वर्षी नीट परत आली, मे महिन्यात, पोरांची सीईटीची तयारी झालेली असताना. अध्यादेश निघाला, राज्याला एक वर्षाची सवड मिळाली आणि २०१७ पासून नीट पक्की झाली. बोर्ड बदलण्याचा प्रश्न लोक घाईघाईनं विचारू लागले ते याच काळात. आता राज्यातही पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम आणायचं २०२५ मध्ये जाहीर झालं आहे. आज पहिलीत असलेलं पोर बारावीला जाईपर्यंत परीक्षा कुठली असेल, हे सांगणारा ज्योतिषी मला ठाऊक नाही. त्यामुळे पाचवीतल्या मुलाच्या आईला मी एवढंच सांगते की घराजवळची, शिक्षक टिकून राहणारी शाळा बघा आणि भूमिती मनापासून करून घ्या. आपल्या दहावीच्या गणित भाग दोनमध्ये जी प्रमेयं सिद्ध करायला लावतात, ती पुढे फार कामाला येतात.

दहावीनंतर फक्त परीक्षेसाठी बोर्ड बदलावं का? माझं मत: नको. नवं बोर्ड, नवी शाळा, नवा क्लास आणि अकरावीचा एकदम उंचावलेला अभ्यास हे सगळं एकाच जूनमध्ये कशाला? आधीपासून सीबीएसईत असलेल्यानं तिथेच राहावं, हेही तितक्याच ठामपणे सांगते.

यापेक्षा मोठी घोडचूक लोक वेगळ्याच ठिकाणी करतात. क्लाससाठी कोटा शहरात पाठवायचं म्हणून मुलाचं अकरावी-बारावीचं नाव राजस्थानातल्या कुठल्यातरी डमी, म्हणजे नावापुरत्या, शाळेत घालतात. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या ८५ टक्के राज्याच्या. त्या मिळायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बदलीच्या नोकऱ्यांसारखे काही अपवाद आहेत, पण ते तुम्हाला लागू होतील असं गृहीत धरू नका. नियम राज्याच्या प्रवेशांचं काम बघणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका बहुतेक पालक निकालानंतर उघडतात. ती अकरावीच्या प्रवेशाआधी उघडायची असते.

डमी राज्यातही कमी नाहीत, इथे त्याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. नाव कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये सरकारनं विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच धंद्याला आळा घालायला. आळा कितपत बसला, ते आमच्या लॅबमध्ये येऊन बघा. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलला काही मुलं अशी येतात की लांबी मोजायच्या व्हर्निअरचा जबडा कुठल्या बाजूनं उघडतो हे चाचपडत बघतात. जर्नल मात्र सुवाच्य अक्षरात पूर्ण, कुणाच्या अक्षरात ते विचारायचं नाही. बोर्डाच्या मार्कांना "आता काय किंमत आहे" असं म्हणतात, पण आयआयटी-एनआयटीला प्रवेश घेताना बारावीला ७५ टक्के, राखीव प्रवर्गातल्या काहींना ६५, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. जेईईत रँक आणून इथे अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात आणि त्यांच्या घरातलं वातावरण तेव्हा बघवत नाही.

राहिला विषयांचा प्रश्न. बायोलॉजी आणि गणित दोन्ही ठेवू का? दहावीत दोन्ही आवडलेलं असेल आणि काही ठरत नसेल, तर अकरावीच्या पहिल्या सत्रापर्यंत ठेवा. पण जेईई ॲडव्हान्स्ड आणि नीट दोन्ही जोरात करतो म्हणणाऱ्याला मी दिवाळीपर्यंतच मुदत देते, त्यानंतर एक सोडायला लावते. गणित सोडताना मात्र दोनदा विचार करा, कारण इंजिनीअरिंगचं दार त्याच दिवशी जवळपास बंद होतं. बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेऊ का, असंही विचारतात. दोनशे मार्कांचा विषय आहे, प्रॅक्टिकल भरपूर, मार्क चांगले पडतात, दुसरी भाषा आणि बायोलॉजी सुटतं. सीईटीत त्याचा एकही प्रश्न नसतो, पण बोर्डाची टक्केवारी सांभाळायला त्याची मदत होते. फक्त जिथे शिकवायला कायम शिक्षक आहे तिथेच घ्या. प्रवेशाच्या खिडकीवर ते विचारायला लाजू नका, आणि लॅब दाखवा म्हणून सांगा. कॉम्प्युटर चालू करून दाखवा म्हणावं.